अंधारात दहा मिनिटं

"दार!" मी ओरडले.

पण ओरडून उपयोग नव्हता. देवस्थळी साहेबांनी दोन्ही पडदे एकदम बाजूला केले होते आणि बाहेरच्या ट्यूबलाइटचा पांढरा उजेड थेट माझ्या तोंडावर आला होता. आमच्या तपासणीच्या खोलीला दोन जाड काळे पडदे होते. पहिला उचलायचा, आत यायचं, तो पडू द्यायचा आणि मगच दुसरा उचलायचा. दारावर तसं लिहिलंही होतं. ते लिहिण्याचा हुकूम देवस्थळींनीच दिलेला होता.

"वैजयंताबाई, सकाळपासून साठ सेट आले तुमच्याकडे. त्यातले एक्केचाळीस परत?"

"बेचाळीस. हा धरून."

त्यांनी माझ्या समोरच्या टीव्हीकडे वाकून पाहिलं. पडद्यावर मी पूर्ण काळं चित्र लावलं होतं. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मला तर काळं दिसतंय. स्वच्छ काळं."

"उन्हातनं घरात आल्या आल्या कोपऱ्यातला पाट दिसतोय का, साहेब? ठेच लागल्यावर कळतंय. दहा मिनिटं बसा अंधारात, मग दिसंल."

"माझ्याकडे दहा मिनिटं नाहीत."

"मग माझ्याकडं बी पास न्हाई."

हे मी बोलायला नको होतं. आमची आई म्हणायची, वैजे, तुझं तोंड तुला एक दिवस उपाशी ठेवणार. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली, पण तो दिवस तोच होता की काय, असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना टीव्ही जोडायचा. नाव मुंबईच्या एका कंपनीचं लागायचं, हात आमचे. मी सहा वर्षं त्या काळ्या खोलीत बसत होते. सगळ्या जणी मला घुबड म्हणायच्या आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही. लोकांना वाटतं, टीव्हीचा पडदा स्वतः उजळतो. तसं नसतं. पडद्याच्या मागं दिवे असतात आणि पडदा नुसता त्या उजेडाची दारं उघडतो, मिटतो. काळं दाखवायचं म्हणजे सगळी दारं मिटायची. पण उजेड कुठून ना कुठून फटीतून पाझरतोच. सगळीकडे सारखा पाझरला तर डोळ्याला कळत नाही. एखाद्या कोपऱ्यात जास्त पाझरला, तर सिनेमात काळोखाचा प्रसंग आला की तिथं पांढुरका ढग दिसतो. आधीच्या जाड टीव्हीत दिवे मागच्या अंगाला सगळीकडे पसरलेले असायचे, तेव्हा हे दुखणं कमी होतं. मग लोकांना टीव्ही भाकरीसारखा पातळ हवा झाला, आणि कंपन्यांनी दिवे नुसते खालच्या कडेला लावले. आता कडेचा उजेड सगळ्या पडद्यावर सारखा पसरायचा म्हणजे तो पसरवणाऱ्या आतल्या कागदाला जरासा दाबही चालत नाही. दुकानात हे कुणालाच दिसत नाही, कारण दुकानात लख्ख उजेड असतो. घरी दिवे घालवून बसलं की दिसतं. तोवर पावती फाटलेली असते.

माझं काम एवढंच. अंधारात बसायचं, बघायचं, आणि बरोबर असेल तर माझा सात नंबरचा शिक्का मारायचा, नसेल तर लाल कार्ड लावायचं.

"वय किती तुमचं?" देवस्थळींनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"तरीच." ते जरा मऊ झाले. ते मऊ झाले की मला जास्त राग यायचा. "हे बघा, उद्या मुंबईहून कंपनीचे वागळे येतायत. साडेचारशे सेटचा लॉट आहे, दिवाळीच्या आधी दुकानात जायला हवा. तुम्ही आज डोळे तपासून घ्या. दोष निघाला तर या खोलीत तुमचं काम नाही. दुसरीकडे घ्यायला माझ्याकडे जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि दिवाळीला कायम करायच्या बायकांची जी यादी लागणार आहे, तिचं मग आपण बघू."

यादीत माझं नाव तिसरं होतं. सहा वर्षं दर अकरा महिन्यांनी नवा कागद आणि नवी सही, त्यातून एकदाची सुटका होणार होती. त्यांनी हात पुढं केला.

"शिक्का द्या."

"त्याच्यावर माझा नंबर हाय. तो द्यायचा न्हाई."

"मग नको. सेट मी पास करतो, माझ्या सहीनं."

मी अ‍ॅप्रनच्या खिशात शिक्का टाकला आणि बाहेर आले. पडद्याबाहेर उभी राहून ऐकत होते. साहेब आत उभ्या उभ्या एकेक सेट बघत होते आणि सही करत होते. एका सेटला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात मला शिंकसुद्धा आली नसती.

संध्याकाळी बसमध्ये मुमताज शेजारी बसली. मुमताज मुल्लाणी स्क्रूच्या टेबलावरची लीडर. टीव्हीची मागची पाठ बसवायची, स्क्रू आवळायचे, हे तिच्या हाताखालच्या सहा जणींचं काम. सहा वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवत होतो.

"चार दिवस गप बस की," ती म्हणाली. "यादी लागू दे. मग साहेबाला बोल, न्हाईतर साहेबाच्या बापाला बोल."

"आणि तवर खोटा शिक्का मारू?"

"मारू नगं. पण तोंड तरी मिटून घे."

"ते कुठं मिटतंय?" मी म्हटलं, आणि ती कपाळाला हात लावून खिडकीबाहेर बघत बसली.

कागलला उतरून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर हसले. मग त्यांनी हातात एक पुस्तक दिलं. मी ते धरलं, आणि माझा हात आपोआप लांब गेला.

"चाळिशी लागली," डॉक्टर म्हणाले. "लांबचं उत्तम आहे. जवळच्याला चष्मा घ्या."

"डॉक्टर, तेवढं जवळचं लिहू नका की."

"अहो, हा दोष नाही. हे वय आहे."

"तुमाला कळतंय. आमच्या साहेबाला कळायला पायजे न्हवं?"

त्यांनी लिहिलंच. माणूस प्रामाणिक होता, आणि मी तरी कुठल्या तोंडानं त्यांना दुसरं काही सांगणार होते?

सकाळी देवस्थळींनी तो कागद लाइनवरच उघडला. सगळ्या जणींसमोर. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला.

"जवळचं स्पष्ट दिसत नाही, असं लिहिलंय."

"मग टीव्ही काय नाकाला लावून बघत्यात व्हय?"

दहा-बारा जणी फिसकन हसल्या. ते हसू मला महागात पडलं. साहेबांनी कागदाची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "पॅकिंगला जाऊन बसा. वागळे गेले की बोलू. काय बोलायचं ते ठरलेलंच आहे."

अकरा वाजता वागळे आले. साठीला टेकलेला, सडसडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी. पॅकिंगमध्ये खोकी चिकटवता चिकटवता मी बघत होते. देवस्थळी त्यांना लाइन दाखवत, हसत, काळ्या खोलीकडे घेऊन निघाले. मागून एक सेट गाड्यावरून ढकलत नेला. मी चिकटपट्टी खाली ठेवली आणि उठले. पाय आपणहून उठले म्हणा.

पहिला पडदा उचलला, आत गेले, तो पडू दिला, मग दुसरा उचलला. आत काळं चित्र लागलं होतं. वागळे वाकून बघत होते.

"ठीक दिसतोय," ते म्हणाले आणि पिशवीतून कागद काढू लागले.

"साहेब, तुम्हाला ठीक दिसतोय म्हणजे अजून काहीच दिसंना झालंय."

"कोण आहे?" वागळे दचकले.

"आमच्या जुन्या तपासनीस," देवस्थळी म्हणाले. "डोळ्यांचा त्रास सुरू झालाय त्यांना. रिपोर्ट आहे माझ्याकडे. बाई, बाहेर व्हा."

"जातो. पण आधी दहा मिनिटं अंधारात बसा. सेट बंद करून. दहा मिनिटांनी लावा. दोष दिसला न्हाई तर हा शिक्का टेबलावर ठेवतो आणि घरला जातो. परत या गेटात पाय ठेवणार न्हाई."

"ठेवतो? जातो?" वागळ्यांना गंमत वाटली असावी.

"आमच्यात बायका बी असंच बोलत्यात."

"सर, यांचं काही ऐकू नका, आपल्याला अजून—"

"दहा मिनिटं, देवस्थळी. मुंबईत एका सिग्नलला जातात." वागळ्यांनी हातानं चाचपून खुर्ची ओढली. "बसा तुम्हीही."

देवस्थळी बसले. मी सेट बंद केला. खोलीत काही दिसेना.

बसल्यावर माझ्या डोक्यात आलं. हा सेट देवस्थळींनी निवडलेला होता. साठातले अठरा चांगलेही होते. आणि हा मी बघितलेलाच नव्हता. न बघितलेल्या सेटवर मी नोकरी पणाला लावून मोकळी झाले होते. काल दिवसभर मी साहेबांना न बघता पास केल्याबद्दल शिव्या देत होते, आणि आज मी न बघता नापास करून बसले होते. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. अंधार होता म्हणून बरं.

"तुमचं नाव काय?" वागळ्यांचा आवाज आला.

"वैजयंता चौगुले."

"वैजयंताबाई, मी या धंद्यात तीस वर्षं आहे. पेटीएवढे टीव्ही विकलेत. ती काचेची नळी. मागून झोत यायचा आणि चित्र काढत जायचा. जिथं काळं, तिथं झोतच नाही. काळं म्हणजे काळं असायचं हो."

"आणि उचलायला दोन माणसं."

"तीन. एकाची कंबर धरायची." ते हसले. "मग प्लाझ्मा आला. त्यात प्रत्येक ठिपका आपला आपण पेटायचा. चित्र सुंदर. पण वीज खायचा आणि तापायचा. तो गेला. आता नवा आलाय ओएलईडी, बघितलात का?"

"फोटोत."

"त्याला मागं दिवाच नाही. ठिपका विझला की विझला. तिथं तुमच्यासारखीला कामच नाही."

"मग त्याच्यात काहीच खोट न्हाई?"

"आहे ना. किंमत ऐकून माणूस खाली बसतो. शिवाय तासन्‌तास एकच चित्र राहिलं तर त्याचा डाग पडतो."

"म्हणजे बिनखोटीचा कुणीच न्हाई."

"कुणीच नाही. कुणाची खोट कुठं आहे ते माहीत असलं म्हणजे झालं."

तेवढ्यात खोली निळी झाली. देवस्थळींनी किती वाजले ते बघायला मोबाइल काढला होता. त्यांची हनुवटी, नाक, चष्म्याची भिंगं, सगळं उजळलं.

"बंद करा!" मी इतक्या जोरात म्हटलं की त्यांनी खरंच बंद केला. "आता परत पयल्यापास्नं दहा मिनिटं."

"काय? सात झाली होती!"

"ती वाया गेली. डोळं परत मागं गेलं. मी काय करू?"

"सर, जेवण मागवलंय, थंड होईल—"

अंधारात वागळ्यांचं हसू ऐकू आलं. "होऊ दे. चला, पुन्हा शून्यापासून."

दुसरी दहा मिनिटं सुरू झाली. देवस्थळींच्या खुर्चीचा पाय मधून मधून करकरत होता. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. सहाशेपर्यंत मोजले, वर आणखी वीस मोजले, आणि बटण दाबलं.

काळं. सगळं काळं.  मग चित्र स्थिरावलं आणि ते दिसले. चार कोपऱ्यांत चार ढग, कडेपासून चार बोटं आत, दुधात बोट बुडवून काळ्या फळीवर टेकवावं तसे.

"अरे," वागळे म्हणाले. नुसतं एवढंच. ते उठून जवळ गेले, परत मागं आले. "देवस्थळी, तुम्हाला दिसतंय?"

देवस्थळी खुर्चीतून अर्धवट उठले.

"दिसतंय."

हा शब्द ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते, असं मला वाटलं. आनंद झाला, आणि तो लपवायचा मी मुळीच प्रयत्न केला नाही.

"पॅनेलच खराब आलेत," देवस्थळी सावरून म्हणाले. "पुरवठादाराला परत पाठवतो मी. आमच्याकडून काही—"

"पॅनेल खराब असतं तर ढग कुठंबी दिसला असता. ह्यो लाल कार्डाच्या सगळ्या सेटात एकाच जागी हाय. तिथं मागं स्क्रू असतोय. मी परवाच सांगणार होतो, पण विचारलं कुणी?"

वागळ्यांनी मुमताजला बोलावून घेतलं. ती हातातला साधा पेचकस घेऊन आली, सेटच्या मागं गेली आणि एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला. वरच्या डाव्या कोपऱ्यातला ढग आमच्या डोळ्यांदेखत विरघळला. दुसरा स्क्रू, दुसरा ढग. वागळ्यांनी तिच्या हातातून पेचकस घेतला आणि तिसरा स्वतः सैल केला. लहान मुलासारखे खूश झाले होते.

मग आम्ही सगळे स्क्रूच्या टेबलाशी गेलो. तिथं विजेवर चालणारे सहा स्क्रूड्रायव्हर वरून स्प्रिंगला टांगलेले असतात. त्यांच्या तोंडाशी एक रिंग असते. तिच्यावरच्या आकड्यानं ठरतं, स्क्रू किती घट्ट बसल्यावर मोटर आपोआप थांबायची. आकडा तीन हवा. वागळ्यांनी चष्मा लावला.

"पाच," त्यांनी वाचलं. "हाही पाच. साडेचार. पाच. हे दोन बरोबर आहेत."

रिंग हलली तर लगेच कळावं म्हणून तिच्यावरून खालच्या दांड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलेली असते. सहाही ठिकाणी ती रेघ नव्हती. पुसलेली होती, चकाचक.

देवस्थळींना आता माणूस सापडला. "मुल्लाणीबाई, हे टेबल तुमचं. रिंगला हात लावायला मनाई आहे, माहीत आहे ना? कुणी फिरवली?"

मुमताज खाली बघत उभी राहिली.

"बोला. रेघ कुणी पुसली?"

ती गप्प. सहा वर्षांत मी तिला कधी एवढी गप्प बघितली नव्हती. मी पुढं झाले आणि एक स्क्रूड्रायव्हर हातात धरला. रिंगच्या खाचेत काहीतरी लाल होतं. जवळचं न दिसणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते बरोबर दिसलं. कुंकू होतं.

खंडेनवमी. बारा दिवसांपूर्वी कारखान्यात हत्यारांची पूजा झाली होती. दरवर्षी होते. मोठ्या यंत्रांना पुरुष हार घालतात, हातातली हत्यारं बायकांकडे असतात. त्या वर्षी मी फतकल मारून बसले होते, मांडीवर फडकं आणि शेजारी स्पिरिटची बाटली. सहा वर्षांचा काळा मेणचट थर मी घासून घासून काढला. लेकराला न्हाऊ घालावं तसं एकेक हत्यार फिरवून फिरवून पुसत होते. पांढऱ्या रेघेला मी सांडलेला रंग समजले. मुमताज शेजारी नारळ धरून उभी होती, मी हळद-कुंकू लावत होते. टांगल्यावर सगळ्या जणी म्हणाल्या होत्या, नवी आणल्यासारखी दिसतायत. मीच सगळ्यांत जास्त मिरवले होते. आणि माझी लाल कार्डं त्यानंतरच वाढली होती.

"नाही ना सांगत?" देवस्थळी म्हणाले. "ठीक आहे. उद्यापासून येऊ नका."

खरं सांगते, एक क्षण मीही गप्प राहिले. मी जिंकले होते. खोली माझी, डोळे माझे, यादीतलं तिसरं नाव माझं. मी तोंड मिटून घ्यावं म्हणून मुमताज काल बसमध्ये जीव तोडून सांगत होती, आणि आत्ता तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. ती डोळ्यांनी मला सांगत होती, बोलू नकोस. तिच्या त्या बघण्याचा मला असा संताप आला की माझं सगळं भिणं त्यात जळून गेलं.

"रिंग मी फिरवली," मी म्हटलं. "पूजेला पुसताना. रेघ बी मीच पुसली. तिचा काही संबंध न्हाई."

देवस्थळी माझ्याकडे बघत राहिले, मग हळूहळू हसले. "म्हणजे बिघडवलं तुम्ही, आणि दोन दिवस तमाशाही तुमचाच?"

"व्हय. बिघडवलं मी. सापडवलं बी मीच. तुमी तर त्याच्यावर सह्या करालता!"

"आवाज खाली!"

"आणि रोज सकाळी रिंगचा आकडा बघून लिहायचा कागद हाय न्हवं तो खांबावर? तो बघायचं काम कुणाचं हाय, तेवढं या साहेबांना सांगा की."

वागळे आधीच खांबाकडे गेले होते. कागदावर बारा दिवस, रोज सहा वेळा, एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेलं होतं: तीन, तीन, तीन. खाली रोज देवस्थळींची सही. वागळ्यांनी मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि चष्मा पिशवीत ठेवला.

"लॉट मी घेत नाही," ते शांतपणे म्हणाले. "सगळे सेट उघडा, स्क्रू बरोबर करा, पुन्हा तपासा. वैजयंताबाई काळ्या खोलीत बसतील. त्यांचा शिक्का नसलेला सेट मी उचलणार नाही, तसं लिहून देतो. आणि या मुल्लाणीबाईंना काढायचं कारण मला तरी दिसलेलं नाही. तुम्हाला दिसतंय?"



संध्याकाळी स्टॉपवर मी मुमताजचा हात धरून तिला गर्दीतून बाजूला ओढलं.

"गप का बसलीस गं? नोकरी जायाची न्हवं तुझी? सांगायचंस की, वैजीनं पुसलं म्हणून."

"आणि काय सांगू?" ती म्हणाली. "पूजेमुळं मशीन बिघडलं, आसं? मी? माझ्या तोंडनं?"

मी तिचा हात घट्ट धरला. 

"तुझं नाव घेटलं आसतं तर तू समजून घेटलं आसतंस," ती म्हणाली. "बाकीच्यांनी घेटलं आसतं का, सांग."

बस आली. आम्ही चढलो. जागा एकच होती, तिनं मला बसवलं आणि मी उठून तिला बसवलं. शेवटी दोघीही उभ्याच राहिलो.

साडेचारशे सेट पाच दिवसांत परत तपासून गेले. सगळ्यांवर सात नंबर. यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. त्याऐवजी मेमो होता: यंत्रसामग्रीत विनापरवाना फेरफार, कायम करण्याचा विचार पुढील वर्षी. देवस्थळींनी तो मला केबिनमध्ये बोलावून दिला. त्यांनाही वरून एक मेमो आला होता, असं मागून कळलं. माझा खोटा नव्हता, त्यामुळं मला त्यावर भांडता येईना. भांडता येत नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

"खाली खुलासा लिहा आणि सही करा," ते म्हणाले.

खुलाशासाठी चार ओळी मोकळ्या होत्या. मी पर्समधून नवा चष्मा काढला, लावला, आणि लिहिलं: चूक माझी, मान्य आहे. मग खालच्या ओळीत लिहिलं: डोळे ठीक आहेत.

साहेबांनी वाचलं. कागद माझ्याकडे परत सरकवला.

"दुसरी ओळ खोडा."

मी सही केली. ती ओळ खोडली नाही.